उपाशी टेप

गेल्या पावसाळ्यापासून टेप ड्राइव्हचा वरच्या पट्टीतला आवाज मला ऐकू येत नाही. मोटारची घरघर कळते, पण टेप थांबून मागे जाताना जी बारीक किंचाळी यायची, ती गेली. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला: शेवटाकडे रेघ सरळ तळाला. वडील गिरणीत साचेखात्यात होते, त्यांचे कान मागांनी नेले. माझे सर्व्हर रूमच्या पंख्यांनी नेले असतील किंवा नुसत्या वयाने. पण टेप-बॅकअपच्या धंद्यात माझं निम्मं नाव त्या कानावर होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

ड्राइव्ह जोडणं, टेप घालणं, रात्रीचा जॉब लावणं हे कुणीही करतं. त्याला उपाशी न ठेवणं कठीण. एलटीओ-6 जातीचा ड्राइव्ह सेकंदाला 160 एमबी लिहितो. डेटा कमी आला तर वेग उतरवून घेतो, पण त्यालाही तळ आहे, चाळीस-पन्नासच्या आसपास. त्याच्या खाली गेलात की बफर रिकामा होतो, टेप थांबते, मागे सरकते, पुन्हा वेग पकडते आणि सोडल्या जागेपासून लिहू लागते. मागावरचा धोटा इकडून तिकडे गेला की कापड तरी विणलं जातं. टेप अशी मागेपुढे झाली की नुसता हेड घासतो, टेप झिजते आणि सकाळी नऊ वाजले तरी बॅकअप चालूच. त्यात कॉम्प्रेशन. मजकुराच्या फायली दाबून निम्म्या झाल्या की ड्राइव्हला तोच वेग राखायला दुप्पट डेटा लागतो. गिऱ्हाईक खूश, एका टेपवर दुप्पट मावलं म्हणून. ड्राइव्ह मात्र अधिक उपाशी.

गिरगावातल्या एका छापखान्याने माझी याच एका गोष्टीवरून वर्षानुवर्षं झोप उडवली. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं, प्रुफं, मुखपृष्ठांचे तुकडे, अशा लाखो चिमुकल्या फायली. एकच मोठी फाइल दिली की गिगाबिटच्या वायरीतून 110 एमबी सहज यायचे. हे फोल्डर आलं की बारा. सर्व्हरचा सगळा वेळ फायली उघडण्या-मिटण्यात. मी ब्लॉक 64 केबीवरून 256 वर नेला. एकावेळी चार-चार फोल्डर सोडले. कार्ड बदललं, कारण आधीच्या माणसाने ड्राइव्ह रेड कार्डाला लटकवला होता (असे महाभाग अजून आहेत, आणि तेच हौसेने दर आठवड्याला क्लीनिंग टेप घालतात. ड्राइव्ह मागत नाही तोवर घालू नये, ती हेड खाते). शेवटी मधे एक डिस्क टाकली: आधी सगळं तिच्यावर, मग तिथून सलग टेपवर. बरंच सुधारलं. पूर्ण नाही.

त्या दिवसांत मी रॅकला कान लावायचो. डोळे मिटून. मालक मागे उभे असायचे, त्यांचा मुलगा चहा घेऊन थबकायचा, आणि मी म्हणायचो, "उपाशी आहे." खरं सांगायचं तर बऱ्याचदा स्क्रीनवरचा आकडा मी आधीच बघितलेला असायचा. पण आकडा वाचून सांगणारा कुणीही असतो. कान लावणाऱ्याचं नाव लालबागपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत पोचतं, आणि मला ते पोचायला हवं होतं.

सध्या माझ्या हाताखाली एक मुलगी शिकतेय. कान वगैरे भानगड तिच्याकडे नाही. तिने दर पाच सेकंदांची सरासरी घेऊन छापखान्याच्या ड्राइव्हच्या वेगाचा आलेख काढायला लावला आणि आठवडाभराने मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, रोज रात्री अडीचला खड्डा पडतो." अडीचला अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन सुरू व्हायचं, त्याच मधल्या डिस्कवर. म्हणजे टेप उपाशी राहायची रात्री, आणि मी कान लावायचो दिवसा, चाचणीचा जॉब सोडून, मालकांसमोर. रात्री अडीचला मी लालबागला घोरत असायचो. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"टेप कोण वापरतं आता?" म्हणणारी क्लाउडवाली पोरं गिऱ्हाइकांकडे येत असतात. टाय लावून येतात. टीआयएफआरमध्ये 1964 साली सीडीसी 3600 संगणक आला, त्याला टेपा होत्या. तेव्हापासून टेप मरतेच आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये एका सॉफ्टवेअर दोषाने काही लोकांचे जीमेल रिकामे झाले, डिस्कवरच्या सगळ्या प्रतींना एकदमच फटका बसला, आणि गूगलने ती पत्रं टेपांवरून परत आणली. कपाटातल्या टेपला व्हायरसचा हात पोचत नाही, एवढं साधं आहे. फक्त कपाट दुसरीकडे हवं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73. शहर एक, दिवस एक. तरी परळची मंडळी हिंदमाताच्या पाण्यात दर पावसाळ्याला गुडघाभर चालतात आणि टेपा सर्व्हरच्याच खोलीत खालच्या खणात ठेवतात. त्यांना सांगून माझा घसा बसलाय.

छापखान्याचं अजून मिटलेलं नाही. स्कॅनची वेळ हलवली, खड्डा भरला, पण चारच्या सुमारास एक छोटा खळगा उरतोच. हाताखालच्या मुलीला मधली डिस्क काढून एसएसडी टाकायचीय. मला वाटतं दोष बफरचा आहे, तो आणखी भरल्यावरच ड्राइव्हने लिहायला सुरुवात करावी. शनिवारी रात्रभर बसून बघणार आहोत. किंचाळी ऐकू येत नसली तरी ड्राइव्हच्या पत्र्यावर बोटं टेकली की टेप थांबलेली मला कळते, हे मी गुपचूप करून पाहिलंय. आणि तिचा आलेख पाच सेकंदांच्या सरासरीचा आहे. तेवढी आघाडी मला पुरेल.