खार्दुंगची पाटी

आम्हां सरावलीकरांचा डोंगर म्हणजे महालक्ष्मीचा सुळका. समुद्रकाठच्या असल्या माणसांनी हिमालयात जाणे तसे उफराटेच! तरी २०१८ च्या उन्हाळी सुटीत मी आणि शेजारच्या शाळेतले मास्तर एका बुलेटवर निघालो.

झोजी लाच्या पुढे गाडी धापा टाकू लागली. तिचा बिचारीचा काय दोष? वर हवा विरळ. कार्बोरेटर मात्र पेट्रोल पहिल्याच मापाने ओतणार. लेहला दोन दिवस विसावून आम्ही खार्दुंग ला गाठला. तेथे पाटी होती : १८,३८० फूट. खरी उंची १७,५८२. आठशे फुटांची ही फुशारकी मला तरी लोभस वाटली.

मास्तरांना मात्र पाटी दिसतच नव्हती. गंभीरगड गप्पा मारीत चढणारा हा माणूस मला माझे नाव विचारू लागला! तेथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या जेमतेम निम्मा. अशा वेळी औषध एकच, ताबडतोब खाली उतरणे. एका जवानाने त्यांना लष्करी ट्रकमध्ये घेतले. मी मागे. चाळीस किलोमीटर ट्रकच्या फळीवरून नजर हलली नाही. वहिनींना काय सांगायचे, एवढाच विचार.

संध्याकाळी इस्पितळात मास्तरांनी तोंडावरची प्राणवायूची नळी बाजूला सारली.

"गुरुजी, चिकूंना पाणी घालायला सांगितलंत ना घरी?"

मी बाहेर येऊन आधी रडून घेतले. मग वहिनींना फोन लावला.