आम्ही पाण्यात का उतरलो?

मागच्या जानेवारीत आम्ही पाच जण मनमाडहून मालवणला गेलो, समुद्राच्या तळाशी जाऊन आलो आणि त्याचे फोटो ग्रुपवर टाकले. त्यावर चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने लिहिलं, "समाज जळतोय आणि आमचे कार्यकर्ते समुद्रात डुबक्या मारतायत. जय भीम." ते आम्हाला वडिलांच्या जागी आहेत. त्यांनी चालवलेल्या अभ्यासिकेत बसूनच आमच्यापैकी तिघे पदवीधर झाले. म्हणून ग्रुपवर उलट बोललो नाही. पण उत्तर द्यायलाच हवं, कारण हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. आपल्यातल्या अनेकांना मौज करताना अपराधी वाटतं. आम्हालाही वाटलं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. एक जण कंत्राटी वेल्डर, एक जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, एक नर्स, एक गोदामात हमाली करून एम.ए. करणारा, आणि पाचवे हे लिहिणारे आम्ही. दोन वर्षं महिन्याला तीनशे रुपयांची भिशी लावली, तेव्हा ही सहल झाली. कुणाच्या देणगीचा एक रुपयाही त्यात नव्हता.

आणि आमचं गाव मनमाड. बाहेरच्यांना ते जंक्शन म्हणून माहीत आहे. आम्हाला ते टिपाडांचं गाव म्हणून माहीत आहे. पालखेडचं आवर्तन येणार, वागदर्डी धरणात पाणी पडणार, मग नळ सुटणार. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ आलेला आम्ही पाहिलाय. नळाच्या दिवशी शाळेला दांडी मारायची, हंडे-कळशा-टिपाडं भरायची आणि तेच पाणी पुरवून पुरवून वापरायचं. अशा गावातली माणसं पोहायला कुठे शिकणार?

पहाटेच्या पंचवटीने मुंबई गाठली, रात्री कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरून एसटीने मालवणला पोचलो. डब्यात भाकरी, ठेचा आणि सुकटीची चटणी होती. पाण्याच्या बाटल्या प्रत्येक स्टेशनवर भरून घेत होतो. नर्स मैत्रीण हसून म्हणाली, "मनमाडची सवय जात नाही." पण आम्हाला मसूर स्टेशन आठवत होतं. १९०१ साली लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि दोन भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले आणि मसूरला उतरले. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री पोरांजवळ जेवण होतं, पोटात भूक होती, पण पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून ती उपाशी झोपली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहून ठेवलंय. आपल्यातला जो प्रवासाला निघतो त्याने ते वाचूनच निघावं.

कारण मसूर अजून संपलेलं नाही. मालवणला जायच्या आठ दिवस आधी वेल्डर मित्राने राहण्यासाठी एका ठिकाणी फोन केला. दोन खोल्या आहेत, या, असं उत्तर आलं. मग विचारलं, "पूर्ण नाव काय लिहू?" त्याने आडनावासकट सांगितलं. पाच मिनिटांनी फोन आला, "सॉरी, आधीच बुकिंग झालं होतं." आमच्या शिक्षिका मैत्रिणीने लगेच तिच्या फोनवरून, दुसरंच एक आडनाव सांगून, त्याच तारखांची चौकशी केली. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या.

समाजशास्त्राच्या वर्गात याला भेदभावाची चाचणी म्हणतात. त्या दिवशी आमच्या घरात ती फक्त शांतता होती. वेल्डर मित्र एवढंच म्हणाला, "दुसरं बघा." आम्ही दुसरं बघितलं.

दुसरं घर एका गाबीत बाईंचं होतं, नवरा वारलेला, मुलगा होडीवर. नाव सांगायला लागलो तर म्हणाल्या, "नाव ऱ्हवांदे, किती जण जेवतलास ता सांगा." त्यांनी फक्त पाच हा आकडा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरायचं होतं. आधी एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, दमा आहे का, कानाचा त्रास आहे का, आणि एक प्रश्न : पोहता येतं का? पाच फॉर्म एकावर एक ठेवले तर त्या रकान्यात पाच वेळा 'नाही' होतं. सोबतच्या मुलाने सांगितलं, काळजी नको, आम्ही धरून नेतो, पोहता न येणारेच जास्त येतात.

पण आमच्या 'नाही'ला इतिहास आहे. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. जिथे घोटभर पाण्यासाठी ताटकळत उभं राहावं लागे, तिथे पोरांना डुंबायला कोण देणार? वेल्डर मित्राने तर हे स्वतः भोगलंय. दहा वर्षांचा असताना आजोळी मित्रांबरोबर एका शेतातल्या विहिरीत उतरला. बाकीची पोरं घरी गेली, याला तेवढं चोपलं. त्यानंतर तो गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नव्हता. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी थांबली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मी फोटो काढतो."

आम्ही आग्रह केला नाही. एकेक जण उतरलो. पाठीवरच्या नळकांड्यात साधी हवाच दाबून भरलेली असते. नाक काचेच्या मुखवट्यात बंद, श्वास फक्त तोंडाने. पहिली दोन मिनिटं जीव घाबरतो, कारण शरीर नाकाने श्वास घ्यायला बघतं. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. आम्ही वीस-बावीस फूटच गेलो असू, तरी कान ठणकायला लागले. मग नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की कान मोकळे होतात. शिकवणारा मुलगा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता : काहीही झालं तरी श्वास कोंडून धरू नका. खाली खडकांवर प्रवाळ होतं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे हाताजवळून जात होते, आणि आमचाच श्वास तेवढा ऐकू येत होता.

आम्ही वर आलो तर वेल्डर मित्र अंगात तो काळा रबरी पोशाख चढवून बसला होता. काही न बोलता उतरला. आणि अर्ध्या मिनिटात परत वर! काय झालं? खाली त्याला विचारलं, ठीक आहे ना, तर याने झोकात अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'मला वर न्या'. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा असतो, हे तो भीतीपायी विसरला. आम्ही हसून हसून होडीत लोळलो. आमच्या गावाजवळ हडबीची शेंडी आहे, उभ्या अंगठ्यासारखा सुळका, सगळे त्याला थम्सअपच म्हणतात. हमाल मित्र म्हणाला, "लहानपणापासून तोच बघत आलाय, दुसरं काय दाखवणार!" तो पुन्हा गेला. या वेळी पूर्ण वेळ राहिला. वर आल्यावर त्याने शिकवणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारला, "नीट शिकायला किती दिवस लागतात?"

संध्याकाळी बाईंनी कालवं आणि मोरीचं मटण केलं. मोरी म्हणजे लहान शार्क. सुकट-बोंबलावर वाढलेल्या आमच्यासाठी दोन्ही नवीन. कालवं शिंपल्यासकट बघून शिक्षिका मैत्रिणीने आधी तोंड वाकडं केलं, मग सर्वांत जास्त तिनेच खाल्ली. बाई सांगत होत्या, ओहोटीला खडकावर वाकून कोयत्याने ती फोडावी लागतात, हात कापतात, कंबर जाते. पूर्वी हे गरिबाचं खाणं होतं, आता हॉटेलवाले लिंबू पिळून महाग विकतात.

तेव्हा नर्स मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे रक्ती करतात." आणि क्षणभर आम्ही सगळे गप्प झालो. कारण हा शब्द आम्ही बाहेरच्या माणसापुढे काढत नाही. कॉलेजच्या डब्यात वजडी नेली म्हणून आमच्यातल्या एकाला बाक बदलावा लागला होता. बाईंनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "कसा करतास ता माका सांगा." मग नर्स मैत्रिणीने सांगितलं : रक्त आधी गोठू द्यायचं, वड्या पाडायच्या, भरपूर कांदा आणि काळ्या मसाल्यात परतायच्या. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

समुद्रातलं कच्चं कालव खाल्लं की माणूस हौशी खवय्या ठरतो. आमच्या आयांनी टाकाऊ म्हणून दिलेल्या भागांतून चव काढली, चान्या वाळवून पावसाळ्याची बेगमी केली, तर ती घाण ठरते. पदार्थ विचित्र आहे की नाही हे ताट ठरवत नाही, ताटावर बसलेल्याची जात ठरवते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून हे आपलं खाणं छापील पानावर आणलं, ते याचसाठी महत्त्वाचं. उपासमारीने लादलेल्या खाण्याचा खोटा गौरव आम्हाला करायचा नाही. पण त्याची लाज तरी आपण का बाळगायची?

परतताना सावंतवाडी-दिवा पॅसेंजरने वीरला उतरलो आणि महाडला गेलो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळपर्यंत बसलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथलं ओंजळभर पाणी प्याल्यावर सवर्णांनी आपल्या माणसांची डोकी फोडली, तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं. वेल्डर मित्राने वाकून पाण्यात दोन्ही हात बुडवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे. १९३४ साली खुद्द बाबासाहेब सहलीला गेले होते. चळवळीतल्या सहकाऱ्यांनीच हौस धरली होती. तीसेक जण वेरूळची लेणी बघायला निघाले. दौलताबादला धुळीने माखलेल्या काहींनी किल्ल्याबाहेरच्या हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून दंगा झाला. शेवटी आत सोडलं ते पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. मनमाडहून औरंगाबादच्या गाडीत बसलं की दौलताबाद स्टेशन लागतं. आम्ही कितीदा तिथून गेलो असू. सहल आणि संघर्ष आपल्या वाट्याला एकत्रच आले, ते कुणी वेगळे करू शकलं नाही.

आणि फुरसत ही चैन आहे का? १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले' या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेब गांधीवादावर टीका करताना नेमकं हेच मांडतात : यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि लोकशाही समाजाने ती प्रत्येकाला दिली पाहिजे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला आमच्याच मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिली आमचं आडनाव विचारते. दुसरी आमच्या कंत्राटी वेल्डरला एक दिवसाचीही पगारी रजा देत नाही. मालवणच्या चार दिवसांची त्याची मजुरी कापली गेली.

तरीही ज्येष्ठांच्या बोलण्यातला एक भाग आम्ही मान्य करतो. आमची चूक झाली, पण समुद्रात उतरण्यात नाही. ज्यांनी आडनाव ऐकून खोली नाकारली, त्यांच्याविरुद्ध आम्ही काहीच केलं नाही. सहल खराब नको म्हणून दुसरं घर शोधलं. संविधानाचं कलम १५ (२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट सगळ्यांची नावं घेऊन सांगतं की जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. पथनाट्यात आम्ही हे कलम पाठ म्हणतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा फोन ठेवून दिला. दोन्ही फोनची वेळ, नंबर, बोलणं लिहून ठेवलं असतं तर निदान जाब विचारता आला असता.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. भिशी चालू ठेवायची. येत्या उन्हाळ्यात वस्तीतल्या पोरापोरींना, त्यातही पोरींना आधी, पोहायला शिकवायची सोय करायची, त्यासाठी नाशिकला न्यावं लागलं तरी. आणि पुढच्या प्रवासात खऱ्या आडनावानेच खोली मागायची, नाकारली तर नोंद करायची आणि तक्रारही.

पुढची सहल दौलताबाद आणि वेरूळची आहे. ज्येष्ठांनी आमच्याबरोबर यावं, त्यांच्या वाटची भिशी आम्ही भरतो. पाण्याची बाटली तेवढी त्यांनी स्वतःची आणावी, मनमाडकर ती कुणाला देत नाहीत.

जय भीम!