मामा, मिस्त्री आणि मॅड मॅक्स

‘मॅड मॅक्स’ हा व्हिडिओ गेम खेळलो मी, पण तो बघायला शिकवलं मामांनी. मामा म्हणजे एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मिस्त्री. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काही दिवस आमच्याकडे राहायला होते. कंट्रोलर त्यांनी कधी हातात घेतला नाही. पलंगावर पाय लांब करून, सुपारी कातरत नुसते शेरे मारायचे.

गेम स्वीडनच्या अ‍ॅव्हलांच स्टुडिओजचा. जॉर्ज मिलरचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ हा चित्रपट २०१५च्या मे महिन्यात आला आणि सप्टेंबरात हा. अमेरिकेत नेमका ‘मेटल गिअर सॉलिड ५’च्याच दिवशी बाजारात उतरला आणि बिचारा झाकोळला गेला. जग बुडाल्यानंतरची गोष्ट. समुद्र आटलाय, तळावर जहाजं कलंडून पडलीत, दीपगृहात एक टोळी गढी करून बसलीय. मॅक्सची गाडी गुंड पळवतात आणि त्याला भेटतो चमबकेट नावाचा कुबडा मिस्त्री. तो ‘मॅग्नम ओपस’ नावाची गाडी बांधायला घेतो, इंजिनाला देव मानतो आणि मॅक्सला संत म्हणतो. खंडेनवमीला पान्यांना हळदकुंकू वाहण्यात मामांचा जन्म गेलेला; त्यांना यात काहीच वेडेपणा दिसला नाही.

मी बघत होतो मॅक्सकडे. मामा बघत होते मागे लटकलेल्या त्या मिस्त्रीकडे. धावत्या गाडीवरून तोच हार्पून मारतो, समोरच्याचं चाक उपटतो, दार उखडतो, कधी ड्रायव्हरलाच बाहेर ओढतो. गाडी पेटायला आली की उडी मारून तोच दुरुस्तीला लागतो. “अरे, हिरो हा आहे,” मामा म्हणाले, “तो दुसरा नुसता स्टिअरिंग धरून बसलाय.” त्यानंतर मला तो गेम पहिल्यासारखा दिसलाच नाही.

त्यांना सगळ्यात पटलं ते वजनाचं गणित. जाड पत्रा चढवला की गाडी मार खाते, पण वेग मरतो आणि वळणावर जड जाते. मग इंजिन वाढवा, त्यासाठी पुन्हा भंगार गोळा करा. माझा हात आपसूक सर्वांत जाड पत्र्याकडे जायचा आणि मामा सुपारी कातरायची थांबवून नुसतं बघायचे. वाळूचं वादळ आलं, विजा कोसळायला लागल्या, पत्रे उडायला लागले, की मात्र तेही टेकायचं सोडून ताठ बसायचे. गाड्यांच्या ताफ्याचा पाठलाग हा या गेमचा प्राण. तिथे इंजिनाचा आवाज, धूळ आणि धडक यांचा जो मेळ जमतो, तो मला तरी दुसऱ्या गेममध्ये सापडलेला नाही.

गाडीतून उतरलं की मात्र उतरती कळा. तीच मारामारी, आणि नाव बदलून पुढे येणारे तेच ते टोळीप्रमुख. एक तळ जाळला की दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. मोठं इंजिन कथेनं अडवून धरलेलं, कितीही भंगार साठवा. पेट्रोलसाठी जग मरतंय म्हणायचं आणि आमची टाकी मात्र कधी कोरडी पडत नव्हती. “डेपोत सांगा ही युक्ती,” मामा म्हणायचे. असल्या कंटाळवाण्या तळांवर त्यांचा डोळा लागायचा. मी आवाज बारीक करून एकटाच भंगार वेचायचो.

शेवट त्यांना जागेपणी बघायचा होता. मॅक्स खलनायकावर मॅग्नम ओपस घालतो. गाडी सोडायला तयार नसलेला चमबकेट तिच्यासकट जातो. मॅक्सला त्याची जुनी गाडी मिळते आणि तो निघून जातो. मामा चिडले. इतकं राबलेल्या माणसाची ही वासलात? मलाही हा शेवट क्रूर वाटला, आणि या गेमच्या स्वभावाला धरून असल्यामुळे चांगलाही.

खरी चूक त्याच्या पुढे आहे. कथा संपल्यावर उरलेले तळ फोडायला गेम आपल्याला पुन्हा वाळवंटात सोडतो, आणि तिथे मॅग्नम ओपस धडधाकट, मागे चमबकेट हजर. कसं, का, एक अक्षर नाही. मामांनी चष्मा पुसून पुन्हा नीट बघितलं.

“आणि मी इथे डोळे पुसतोय,” ते म्हणाले. “चल, घे त्याला. तो ताफा राहिलाय ना उत्तरेचा?”