पडद्यालाही डोळे असतात

भिंतीला कान असतात, ही म्हण आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली. तिचा अर्थ फळ्यावर लिहून दिला, तिचा वाक्यांत उपयोग करावयास सांगितला, आणि त्याबद्दल गुणही वांटले. परंतु तिचा खरा अर्थ आम्हांस कळला तो वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, आमच्याच घरांत आणि आमच्याच चुकीमुळें. ती हकीकत आजवर आम्हीं घरच्या चार माणसांबाहेर कोणास सांगितली नाहीं. मिरविण्यासारखी ती नाहींच. पण २०२५ च्या मे महिन्यांत घरांत एक लहानसा प्रसंग घडला, आणि ती सांगितल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

प्रसंग असा. त्या वर्षीं २२ एप्रिल रोजीं पहलगाम येथें २६ निरपराध माणसें मारलीं गेलीं. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्रांतले होते. ७ मे रोजीं आपल्या सैन्यानें सीमेपलीकडील अड्ड्यांवर मारा केला, आणि त्यानंतर कित्येक दिवस घरोघरीं दुसरा विषय नव्हता. अशांत आमचा नातू मोठ्या उत्साहानें आमच्याकडे आला. "आजोबा, हें पाहा तरी!" त्याच्या एका मित्रानें हमरस्त्यावरून चाललेल्या लष्करी गाड्यांची लांबच लांब रांग मोबाईलवर टिपून त्याला धाडली होती. गाड्या किती, कोणत्या, कोणत्या दिशेनें चालल्या, सारें स्पष्ट. मागें गांवाच्या नांवाची पाटीसुद्धां वाचतां येत होती. "घरच्या ग्रुपवर टाकूं का? सगळ्यांना अभिमान वाटेल!" मुलगा मनानें निर्मळ, त्यांत त्याला वावगें कांहींच दिसत नव्हतें. आम्हीं त्याला जवळ बसविलें व म्हटलें, "आधीं एक गोष्ट ऐक. मग टाकावें कीं न टाकावें, तें तूंच ठरव."

तीच गोष्ट आज वाचकांपुढें ठेवितों.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवारची रात्र. वाईच्या आमच्या जुन्या घरांत जेवणें आटोपून मंडळी निजण्याच्या तयारींत होती. इतक्यांत कोणीसें टीव्ही लावा म्हणून सांगितलें. मुंबईंत गोळीबार सुरू झाला होता. प्रथम वाटलें, गुंडांच्या टोळ्यांचें भांडण असेल. मग एकामागून एक नांवें येऊं लागलीं: छत्रपति शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस, कामा रुग्णालय. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा तेव्हां मुंबईंत नोकरीस होता, आणि त्या रात्रीं कचेरीच्या भोजनसमारंभासाठीं तो यांपैकींच एका हॉटेलांत गेला होता. बंधूंच्या हातांतील पाण्याचा पेला खालीं पडला, तो आवाज अजून कानांत आहे.

मध्यरात्रीनंतर त्याचा संदेश आला: "सुखरूप आहें. अकरा जण एका खोलींत दडलों आहों. दिवे बंद. फोन करूं नका, आवाज होईल." घरांत पुन्हां प्राण आला. दुसऱ्या दिवशीं पहांटेपासून आप्तेष्ट व शेजारी चौकशीस येऊं लागले. आम्ही पडलों मास्तर. चार माणसें समोर बसलीं कीं त्यांस समजावून सांगावें, ही जन्माची खोड. कोणता मजला, किती माणसें, खिडकी कोणत्या अंगाला, सारें आम्हीं ओसरीवर बसून नकाशा काढावा तसें वर्णन केलें. ऐकणारांनीं तें आपापल्या घरीं नेलें, व तेथून आणखी कोठें कोठें.

सायंकाळीं एक अनोळखी फोन आला. एका वृत्तवाहिनीचा मनुष्य होता. "सर, आपला पुतण्या आंत अडकला आहे ना? कितव्या मजल्यावर? बरोबर किती जण आहेत? आम्ही आपणांस थेट प्रक्षेपणांत घेतों. सरकारला जाग येईल." आणि वाचकहो, लिहितांना लाज वाटते, पण आम्ही सांगण्यास तयार झालों. साऱ्या देशाचें लक्ष आपल्या मुलाकडे जाईल, सुटका लवकर होईल, असें वाटलें. शिवाय आपला आवाज देशभर ऐकूं जाणार, ही हांव मनांत मुळींच नव्हती असेंही नाहीं. आम्हीं घसा साफ केला. इतक्यांत आईनें मागून येऊन आमच्या हातांतला फोन ओढून घेतला व बंद केला. "अरे, लेकरूं कुठें दडलंय तें कुणी चव्हाट्यावर सांगतं का रे?"

आई तेव्हां ७८ वर्षांची होती. मराठी चौथीपलीकडे तिनें शाळा पाहिली नव्हती. त्या सायंकाळनंतर तिनें दोन दिवस फोन आपल्या पदराखालीं ठेवला.

मुलगा २८ तारखेस सुटून आला. आईवरचा आमचा राग मात्र मनांत थोडा उरला होता. तो पार गेला पुढें चार वर्षांनीं, खटल्याचा निकाल वाचला तेव्हां.

त्या निकालांतून व तपासांतून जें बाहेर आलें तें थोडक्यांत असें. दहा तरुण कराचीहून समुद्रमार्गें निघाले. वाटेंत त्यांनीं 'कुबेर' नांवाची आपली मच्छीमार नौका पकडली आणि तिच्या तांडेलाला ठार केलें. दिशा दाखविण्यास त्यांच्यापाशीं उपग्रहाच्या आधारें चालणारें जीपीएस यंत्र होतें. बोलण्यास उपग्रहाचा फोन होता. शहराची टेहळणी डेव्हिड हेडली नांवाच्या माणसानें आधींच अनेक खेपा घालून करून ठेविली होती. मुंबईस उतरल्यावर हे दहा जण एकटे नव्हते. त्यांच्या कानाशीं कराचींतील सूत्रधार अखंड बोलत होते. हे बोलणें साध्या तारेनें होत नव्हतें. आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवावयाचे व दुसऱ्या टोकास पुन्हां जोडावयाचे, अशी ती युक्ति. त्यामुळें फोन कराचीहून येत असला तरी दिसे तो ऑस्ट्रियांतील क्रमांक. सेवा देणारी कंपनी अमेरिकेंतली, आणि तिचे पैसे भरलेले इटलींतून. एका खुनाचा धागा असा चार देशांतून ओवलेला!

आतां मुख्य गोष्ट. कराचींत बसलेल्या त्या सूत्रधारांना मुंबईंतलें दिसत कसें होतें? त्याला कोणतें गुप्त यंत्र लागलें नाहीं. आम्ही वाईंत जो टीव्ही पाहत होतों, तोच ते तेथें पाहत होते. कोणत्या इमारतीला आग लागली, शिपाई कोठें उभे आहेत, हेलिकॉप्टरांतून जवान नरिमन हाऊसच्या गच्चीवर दोरानें कसे उतरत आहेत, हें सारें त्या तीन दिवसांत पडद्यावर येत होतें, आणि पडद्यावरून पाहिलेलें फोनवरून हल्लेखोरांस कळविलें जात होतें. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे मारले. त्यामुळें एखादा जवान प्रत्यक्ष दगावला कीं काय, हें सांगतां येत नाहीं. पण सुरक्षादलांचें काम त्यानें अधिक कठीण व धोक्याचें झालें यांत संशय नाहीं, असा त्याचा आशय आहे.

तें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतही उजेड पाडतो आणि अंगणांतही. आम्हांस वाटत होतें, दिवा आपल्यापुरता आहे. अंगणांत कोण उभें आहे, याचा विचार आम्हीं केलाच नव्हता. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मंत्ररक्षणाचा विचार करतांना पोपट, साळुंक्या आणि कुत्रीं यांनीं गुप्त खलबतें फोडल्याच्या जुन्या गोष्टींचा उल्लेख केला आहे. शिकवितांना आम्हीं त्याला हंसलों होतों. पण ऐकलेलें जसेंच्या तसें, अर्थ न कळतां, भलत्या ठिकाणीं बोलून दाखविणारा पोपट कोण, हें त्या दिवशीं कळलें. तो आमच्याच ओसरीवर बसला होता.

येथें कोणी म्हणेल, तर मग हीं यंत्रेंच वाईट. तसें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच तारेवरून आपल्या बाजूचेंही काम झालें. मुंबईच्या पोलिसांनीं हल्लेखोरांचे फोन शोधून काढले व तें संभाषण ऐकून मुद्रित केलें. तेंच पुढें न्यायालयांत पुरावा झालें, आणि हल्ल्याचीं सूत्रें सीमेपलीकडून हलत होतीं हें जगापुढें आलें. अमेरिकेच्या तुरुंगांत असलेल्या हेडलीची साक्ष फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईच्या न्यायालयानें पडद्यावरूनच नोंदविली. म्हणजे जो पडदा एकदां वैऱ्याचा डोळा झाला, तोच पुढें न्यायाधीशाचा कान झाला.

आणि सर्वांत साधें यंत्र तर विसरतां कामा नये. शिवाजी टर्मिनसवर गोळ्या सुटल्या तेव्हां उद्घोषक विष्णु झेंडे ध्वनिक्षेपकापाशीं बसले होते. पळून न जातां ते प्रवाशांना, कोठें जाऊं नका, कोणत्या बाजूनें बाहेर पडा, हें पुनःपुन्हां सांगत राहिले. शेंकडों माणसें त्या आवाजानें वांचलीं. पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरून पळविलेल्या मोटारीचें वर्णन गेलें, म्हणूनच गिरगांव चौपाटीवर नाकाबंदी झाली. पण बिनतारी यंत्राचें काम तेथें संपलें. पुढें झेप घेऊन बंदुकीची नळी छातीशीं धरली ती आमच्याच सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवच्या तुकाराम ओंबळे यांनीं. त्यांनीं प्राण दिला, आणि अजमल कसाब जिवंत हातीं लागला. तो हातीं लागला म्हणून बाकीचा उलगडा झाला.

१६६ माणसें मेलीं. २९ तारखेच्या सकाळीं सारें संपलें, आणि मग शहाणपण सुरू झालें. डिसेंबर २००८ मध्यें राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला. मुंबईंत राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांचें ठाणें आलें, महाराष्ट्रानें फोर्स वन हें दल उभारलें, मच्छीमारांस ओळखपत्रें मिळालीं, पुढें मुंबईच्या रस्त्यांवर हजारों कॅमेरे लागले. हें सर्व आवश्यक होतें. परंतु समुद्रमार्गें घात होण्याचे इशारे हल्ल्यापूर्वींही आले होते. ते निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या हातांत पडून राहिले. तीन हेरांचें म्हणणें स्वतंत्रपणें जुळलें तर त्यावर विश्वास ठेवावा, असें कौटिल्य सांगतो. त्यांतली अडचण हेर मिळविण्याची नाहीं. तिघांचें म्हणणें एकाच्या कानीं घालण्याची आहे. यंत्रें माहितीचे डोंगर रचतील. त्यांतून एक ओळ वाचणारा मनुष्यच लागतो. बधवार पार्कजवळ ते दहा जण होडींतून उतरले तेव्हां कोळीवाड्यांतील माणसांनीं, तुम्ही कोण, कोठले, असें त्यांस विचारलें होतें. शंका प्रथम आली ती त्या माणसांना.

कॅमेऱ्याविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. चोरावर नजर ठेवणारा डोळा सावाकडेही पाहत असतो. २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमुखानें, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. रक्षण हवें आणि रक्षकावर कायद्याचा लगामही हवा. या दोहोंत एकाची निवड करावयाची नसून दोन्ही सांभाळावयाचीं आहेत. ज्याच्या घरांत आई आणि सून एकत्र नांदतात, त्याला हें वेगळें समजावयास नको.

राहतां राहिलों आपण. वृत्तवाहिन्यांना आतां नियम आहे. दहशतवाद्यांविरुद्ध कारवाई चालू असतां तिचें थेट प्रक्षेपण करूं नये, ठराविक वेळीं अधिकाऱ्यानें दिलेली माहितीच द्यावी, अशी तरतूद २०१५ मध्यें झाली. २६ एप्रिल २०२५ रोजीं सरकारनें वाहिन्यांबरोबर समाजमाध्यमें वापरणारांसही तशीच सूचना केली. पण सूचना निघाली म्हणून हात आवरत नाहीं. २००८ सालीं प्रक्षेपण करावयाचें तर मोठी गाडी, कॅमेरा व दहा माणसें लागत. आज आमच्या नातवाच्या खिशांत तें सारें आहे. त्या वेळीं एक ओसरी होती. आज प्रत्येक घराच्या ग्रुपवर शंभर घरांच्या ओसऱ्या उघडतात. खोटी बातमीही त्याच वाटेनें जाते. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आले, या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेपायीं जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेंचून मारलें. तेथें कोणी दहशतवादी नव्हता. दहशत मात्र होती, आणि ती पोंचविणारे हात साध्या गृहस्थांचे होते.

इतकें ऐकून नातू कांहीं वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "आजोबा, काकांना हें माहीत आहे? तुम्ही मजला सांगणार होतां, हें?"

आम्हांस उत्तर देतां येईना. सतरा वर्षें होत आलीं, पुतण्याला आम्हीं तें कधीं सांगितलें नव्हतें. आई २०१४ मध्यें गेली; तिनेंही तें कोणास कळूं दिलें नाहीं. नातवानें मोबाईलवरचें तें चित्र पुसून टाकलें, मित्रालाही तसें करावयास कळविलें. आम्हीं मात्र त्याच रात्रीं पुतण्याला फोन केला व सारें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, त्या सायंकाळीं आमच्या दारावरून पावलें जात होतीं. आम्ही सगळे श्वास रोखून होतों. आजीनें तेव्हांच फोन ओढून घेतला असेल काय?"

तें कोणास ठाऊक! पण घरांतल्या मोबाईलला हात लावण्यापूर्वीं आम्ही हल्लीं आईच्या तसबिरीकडे एकवार पाहतों. ज्यांच्या घरीं अशी तसबीर असेल त्यांनींही पाहावें, इतकीच विनंती करून लेखणी खालीं ठेवितों.