त्यागाची यादी

दुसऱ्याच्या कर्जावर सल्ला देणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. गेली बावीस वर्षं मी बँकेत कारकून आहे. २०२४ च्या करारानंतर आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणायला लागले. नाव जेवढं लांबलं तेवढा पगार लांबला नाही, हे ओघानं आलंच.

तर आमच्या काउंटरवर एक निवृत्त मास्तर येतात. एकदा ते क्रेडिट कार्डाचं बिल घेऊन आले. म्हणाले, “ही ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरली तर चालतं ना हो?”

मी चष्मा कपाळावर चढवला आणि बी.कॉम.च्या पदवीला स्मरून सुरुवात केली. “मास्तर, समजा, एक लाख वीस हजार थकलेत. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज झालं ४,२०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ७५६. तुम्ही किमान म्हणून पाच टक्के, सहा हजार भरलेत. त्यातले ४,९५६ व्याज आणि करानं गिळले. मुद्दल हललं किती? १,०४४! शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. आज साबण घेतलात तर आजपासून व्याज. फेस जातो, व्याज राहतं.”

मास्तर हादरले. म्हणाले, “काय उदाहरण दिलंत! अगदी घरचं असल्यासारखं.”

घरचंच होतं. पैन् पै माझ्या बिलातली होती.

आता बँकेतला माणूस कर्जात कसा, असं तुम्ही विचाराल. अहो, हलवायाला मधुमेह होत नाही का? मेहुण्याच्या लग्नातला आहेर, चिरंजीवांचा फोन, गाडीचे चार टायर, गाडीची बॅटरी, गाडीचा विमा... एकेक आकडा मुंगीएवढा होता. वारूळ कधी झालं ते कळलं नाही. दर महिन्याला मी मास्तरांना दिला तोच सल्ला स्वतःला देत असे आणि किमान रक्कम भरून मोकळा होत असे.

अखेर एका रविवारी, पोहे समोर असताना, मी कुटुंबाची सभा बोलावली. हातात वही, कानावर पेन. “प्रत्येकानं कशाचा ना कशाचा त्याग करायचा आहे,” मी गंभीरपणे म्हणालो.

त्यागाच्या बाबतीत आपल्या माणसांचं एक वैशिष्ट्य आहे. प्रत्येकाला दुसऱ्यानं काय सोडावं हे पटकन सुचतं. सौ.नं माझा बाहेरचा चहा सुचवला. मी चिरंजीवांची ती मोबाइलवरच्या मालिकांची वर्गणी सुचवली. चिरंजीवांनी वर्तमानपत्र सुचवलं. “बाबा, बातम्या फोनवर फुकट असतात.” फोन कोणाच्या कार्डावर घेतला हे मी त्याला सांगणार होतो, पण सभेचं पावित्र्य राखलं. सौ.नं आणखी एक बाण सोडला, माझ्या केसांच्या कलपाचा. तो मुलांसमोर सोडायला नको होता.

आई म्हणाली, “मी आणखी चार उपास धरते.”

“नको!” सौ. आणि मी एकदम ओरडलो. साबुदाणा, दाणे, साजूक तूप, वरी, रताळी, दही, केळी... आमच्या घरात एक माणूस उपाशी राहिला की चार माणसांच्या जेवणाएवढा खर्च येतो.

कन्या आठवीत आहे. ती गप्प बसून पोह्यांतले दाणे वेचत होती. तिला विचारलं तर म्हणाली, “मला कुठे काय लागतं?”

मी बेरीज केली. चहा ६००, वर्गणी २९९, वर्तमानपत्र २१०, कलप १५०. एकूण महिना १,२५९ रुपये. एवढा सगळा त्याग केला असता तरी व्याजाचा पाव हिस्साच भरला असता.

“आणि खाली ती झाकून ठेवलीय, ती?” आईनं विचारलं.

“ती गरज आहे, आई,” मी म्हणालो.

“पोहे गार होताहेत,” सौ. म्हणाली. सभा बरखास्त झाली.

आता ‘ती’बद्दल सांगायला हवं. आम्ही डोंबिवलीत राहतो. माझी बँक दादरला. जाणं-येणं लोकलनं, भाजी, शाळा, डॉक्टर सगळं चालत. गाडी मी दर रविवारी धुतो. धुऊन झाली की पेट्रोल पंपापर्यंत नेतो आणि परत आणतो. तिथे पोचायला जेवढं पेट्रोल जळतं, तेवढं भरतो. वाणिज्य शाखेत घसारा शिकवतात. दर वर्षी वस्तूची किंमत कमी होत जाते. पण सोसायटीत ‘गाडीवाले’ म्हणून जी किंमत असते, तिच्या घसाऱ्याबद्दल पुस्तकात अक्षर नाही.

पुढच्या रविवारी वर्तमानपत्र बंद करण्याचा पहिला टप्पा म्हणून रद्दी काढली. रद्दीवाला काट्याला लावणार तेवढ्यात गठ्ठ्यातून एक कागद घसरला. कन्येच्या शाळेचं पत्रक. सहल, रायगड, १,४०० रुपये, पालकांची सही. सहीची जागा कोरी होती. पैसे भरायची शेवटची तारीख आमच्या सभेच्या दुसऱ्या दिवशीची होती.

मी तिला बोलावलं. “हे दाखवलं का नाहीस?”

कागदाकडे न बघता ती म्हणाली, “मला गाडी लागते, बाबा.”

तिला गाडी कधीच लागलेली नाही. घाटातल्या वळणांवरसुद्धा ती वडापाव मागते. गाडी लागली होती ती मला, आणि तीसुद्धा खाली उभी असलेली.

रद्दीचे बावन्न रुपये आले. ते खिशात घालून मी तसाच खाली गेलो आणि गाडीवरचं कापड काढलं. त्या रविवारी मी ती धुतली नाही. फोटो काढले.

गाडीचे एक लाख साठ हजार आले. कार्डाचे एक लाख वीस हजार एका झटक्यात भरले. चाळीस हजार मुदत ठेवीत टाकले आणि कार्ड सौ.च्या हवाली केलं. तिनं ते हिंगाच्या डबीत ठेवलंय. त्याला हात लावला की बोटं दिवसभर वास सांगतात.

खरा त्रास पुढेच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी रिकामी जागा पाहून विचारलं, “गाडी कुठे?” मी म्हटलं, “सर्व्हिसिंगला.” आठवड्यानं पुन्हा तेच. “अजून सर्व्हिसिंग?” मी म्हटलं, “पार्ट मिळत नाहीये.” तिसऱ्या वेळी मात्र पार्ट संपले. मी सांगून टाकलं, “विकली. कर्ज झालं होतं.”

ते इकडेतिकडे बघून जवळ आले. माझ्या पोटात गोळा आला. हळूच म्हणाले, “गिऱ्हाईक कुठे मिळालं हो? आमचीही काढायचीय. फक्त कोणाला बोलू नका.”

शाळेची सहल गेलीच होती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्हीच रायगडला निघालो, पनवेलहून महाडच्या एस.टी.नं. आईची पंचाहत्तरी उलटलेली, तिचं तिकीट माफ. बायकांना २०२३ पासून निम्मं, त्यामुळे सौ. आणि कन्या अर्ध्या पैशांत. पूर्ण तिकीट फक्त माझं आणि चिरंजीवांचं. आमच्या घरात कर्ज नेमकं कोणी केलं, हे एस.टी. महामंडळाला कोणी कळवलं, देव जाणे!

कन्या खिडकीशी बसली होती. महाड येईपर्यंत दोन वडापाव, एक चिक्की आणि आजीच्या उपासाची केळी खाल्ली. गाडी अजिबात लागली नाही.