गाडी बंद असते तेव्हा

ऑफिसात प्रत्येकाचं एक ‘पुढच्या वीकएण्डला नक्की’ असतं. कुणाचं जिम, कुणाचं गिटार, कुणाचं कपाट आवरणं. माझं होतं, आबांना माथेरानच्या गाडीत बसवणं.

आबा म्हणजे माझे आजोबा. १९६१ साली दौंडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. मग फायरमन, शंटर, आणि शेवटी ड्रायव्हर. चाळीस वर्षांतली बहुतेक दौंड-मनमाड लाईनवर गेली. विसापूर, नगर, विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव... आमच्याकडे मुलांना पाढ्यांच्या आधी स्टेशनं पाठ असायची. ही लाईन १८७८ ची. तिच्या मातीकामावर दुष्काळातली माणसं राबली होती. पण आबांना तिचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. ‘‘वांबोरीहून विळदला चढायला लागलं की फायरमन कळतो,’’ असं ते म्हणतात.

तर ऑक्टोबर २०२२. मी पुण्याहून दिवाळीला नगरला (आता अहिल्यानगर म्हणायची सवय करतेय) गेले होते. आबांनी पेपर पुढे सरकवला. २०१९ च्या पावसात वाहून गेलेली नेरळ-माथेरान लाईन तीन वर्षांनी पूर्ण सुरू झाली होती.

‘‘एकदा बघायची होती ही गाडी,’’ आबा म्हणाले. एवढंच.

‘‘अहो आबा, त्यात काय! डिसेंबरमध्ये जाऊ. नक्की!’’

डिसेंबरमध्ये रिलीज आलं. जानेवारीत क्लायंट आला. मार्चमध्ये अप्रेझल. एप्रिलमध्ये एका मैत्रिणीचं लग्न, तेही गोव्याला. त्याला मात्र मी चार दिवस काढले, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. मे महिन्यात मी खरंच ठरवलं, तेव्हा कळलं की या गाडीचं तिकीट आपल्या नेहमीच्या सवयीने मोबाइलवर काढता येत नाही, खिडकीवर उभं राहावं लागतं. मेमधल्या सुटीची गर्दी आणि ब्याऐंशी वर्षांचे आबा! ‘‘जूनमध्ये गर्दी कमी होईल,’’ मी फोनवर म्हटलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आबा म्हणाले, ‘‘जूनमध्ये ती बंद होते गं.’’

हे मला माहीतच नव्हतं. माथेरानच्या गाडीला तिचं स्वतःचं वर्ष आहे. साधारण जूनच्या मध्यावर पाऊस धरला की नेरळपासूनची गाडी थांबते ती थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. वरच्या टोकाला अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी चालू राहते, कारण दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी, आणि वरच्या लोकांना सामानाला काहीतरी लागतंच. बाकीचा सगळा रूळ चार महिने डोंगर, पाऊस आणि गँगमन यांच्या ताब्यात.

जुलैत घरून फोन आला. आबा बाथरूममध्ये पडले होते. खुब्याचं हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. मी रात्रीची एसटी पकडून गेले. हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून लॅपटॉप उघडला होता. कॉल म्यूट करून मी म्हटलं, ‘‘सॉरी आबा. माथेरान राहूनच गेलं.’’

‘‘तुझ्या आजीला मी सदतीस वर्षं सांगत होतो, पुढच्या महिन्यात जाऊ,’’ ते छताकडे बघत म्हणाले. ‘‘लग्नानंतर तिनं एकच मागितलं होतं, माथेरानची गाडी. पास होता, रजा नव्हती. रजा मिळाली तेव्हा मुलांच्या परीक्षा. रिटायर झालो तेव्हा तिचे गुडघे गेले. आणि ती गेली त्याच वर्षी लाईन वाहून गेली.’’

आजी २०१९ च्या मार्चमध्ये गेली. माझ्या लॅपटॉपवर तेव्हा कुणीतरी स्क्रीन शेअर करत होतं. काय होतं त्यावर, आज काही आठवत नाही.

त्या पावसाळ्यात मी दर रविवारी नगरला जायला लागले. आबा काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायचे आणि मी त्यांना त्या गाडीचं वाचून दाखवायचे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून ही लाईन बांधली. १९०४ ला काम सुरू, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू. रूळ फक्त दोन फुटांचा. नेरळपासून माथेरानपर्यंत साडेसातशे मीटरच्या वर चढ, आणि काही ठिकाणी तो विसाला एक असा! इथे आबांनी मला थांबवलं.

‘‘विसाला एक? परत वाच.’’

मी परत वाचलं. आबा खुर्चीत बसले आणि बराच वेळ मान हलवत राहिले. मग जर्मनीहून आलेली पहिली इंजिनं. ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची, पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर किंचित सरकायची मोकळीक दिलेली, म्हणून ती त्या नागमोडी रुळांवर वळू शकत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिनं थांबली, राहिलं फक्त डिझेल. २६ जुलै २००५ च्या पावसात लाईन उद्ध्वस्त झाली, ती २००७ मध्ये, म्हणजे शंभरी भरली त्या वर्षी परत सुरू. मे २०१६ मध्ये आठवडाभरात दोनदा डबे घसरले, गाडी बंद. मग एअर ब्रेक बसवून परत सुरू. मग २०१९. मग परत सुरू.

‘‘ही गाडी आहे की मांजर?’’ मी म्हटलं. ‘‘नऊ जन्म!’’

‘‘मांजर नाही,’’ आबा म्हणाले. ‘‘खाली कुणीतरी फावडं घेऊन उभं आहे.’’

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी सुरू झाली. या वेळी मी मंगळवारची रजा टाकली. मॅनेजरने कारण विचारलं. ‘फॅमिली इमर्जन्सी’ असं लिहायला हात गेला होता. मग खोडलं आणि लिहिलं, ‘आजोबांना ट्रेनमध्ये बसवायचं आहे.’ रजा मंजूर झाली. वर एक स्मायलीसुद्धा आली. म्हणजे वर्षभर मला अडवलं होतं कुणी? कुणीच नाही. मी विचारलंच नव्हतं.

नेरळला जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय. मला वाटलं होतं आबांचे डोळे भरून येतील, मी फोनचा कॅमेराही तयार ठेवला होता. आबांनी काठीवर भार देऊन त्याच्याकडे वरून खाली एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘‘लहान आहे. पण फायरबॉक्सपुढे मेमध्ये उभं राहिलं की लहान-मोठं सारखंच. लोक म्हणतात, वाफेचे दिवस छान होते. त्यांना म्हणावं, एक पाळी करून बघा.’’

म्हणजे नॉस्टॅल्जियाचा फुगा तिथेच फुटला! मग ही गाडी बघायची होती ती फक्त आजीसाठी? मी विचारलं नाही.

गाडी निघाली. जुम्मापट्टी गेलं, वॉटर पाइप गेलं. आख्खा डबा दरीकडे बघत होता, सेल्फी चालू होत्या. आबा मात्र उलट्या बाजूला, डोंगराकडे बघत होते. नव्याने बांधलेल्या दगडी भिंती, जाळीत भरलेले दगड, साफ केलेली गटारं, ताजी खडी. मध्येच रुळांच्या कडेला पाच-सहा गँगमन फावडी घेऊन गाडीला वाट देत उभे होते. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना सलाम केला. त्यातल्या एकाने हसून परत केला.

‘‘चार महिने बंद होती म्हणतात,’’ आबा म्हणाले. ‘‘बंद कुठे? गाडी बंद असते तेव्हाच तर काम चालू असतं.’’

मग चढावर गाडी कण्हायला लागली तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. चढ लागल्यावर भसाभस कोळसा टाकून काही होत नाही. नुसता काळा धूर होतो, आणि काळा धूर म्हणजे फायरमन कच्चा. वांबोरीला गाडी उभी असतानाच आग नीट पसरून, वाफ करून ठेवायची. थोडा थोडा कोळसा, पण सारखा. मग विळदपर्यंत बघायला नको.

मी गप्प झाले. माझं वर्षभराचं काम म्हणजे काळा धूरच होता. आबांच्या बाबतीतही तेच. वर्षातून दोनदा भसाभसा गिफ्ट, आणि मध्ये काही नाही.

माथेरानला उतरलो. आबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आजीचा जुना पासपोर्ट साइज फोटो. तो त्यांनी स्टेशनच्या पाटीकडे तोंड करून क्षणभर धरला, परत गुंडाळला, खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘चहा कुठे मिळतो बघ.’’

परतीच्या गाडीत ते माझ्या खांद्यावर झोपले. उठले ते नेरळ आल्यावर. ‘‘दार्जिलिंगची गाडी अजून कोळशावर आहे का गं?’’

‘‘काही फेऱ्या आहेत.’’

‘‘हं. पुढच्या वर्षी बघू.’’

‘‘पुढच्या वर्षी नाही,’’ मी म्हटलं आणि तिथेच, नेरळच्या प्लॅटफॉर्मवर, कॅलेंडर उघडलं.