ठिपक्याचा खर्च

अंधेरीत राहणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी फोनवर फ्लाइटरडार उघडून डोक्यावरून गेलेलं विमान कुठलं ते बघितलेलं असतं. हे मस्कतहून आलंय, ते दिल्लीला चाललंय. ही माहिती कोणी चोरत नाही. विमानातलं एडीएस-बी नावाचं यंत्रच आपली ओळख, जागा, उंची आणि वेग दर सेकंदाला जगाला सांगत असतं. गच्चीवर छोटा अँटेना लावलेल्या कोणालाही ते ऐकू येतं.

मोठ्या विमान कंपनीला हे यंत्र परवडतं. स्वतःचं चार सीटचं विमान बाळगणाऱ्याचं गणित वेगळं. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून गजबजलेल्या विमानतळांच्या आसपास उडायचं तर हे यंत्र सक्तीचं झालं. वीस-तीस हजार डॉलरचं जुनं सेसना, आणि यंत्र व बसवणावळ मिळून काही हजार डॉलर. तीन लाखांच्या सेकंडहँड गाडीला पन्नास हजारांचा डबा लावायला सांगावा, तसं. सरकारने काही जणांना ५०० डॉलर परत दिले. वैमानिक कुरकुरले आणि बसवून घेतलं. त्या सौद्यात त्यांनाही काही मिळणार होतं. सोबत रिसीव्हर घेतला तर आजूबाजूची विमानं आणि पुढचं हवामान कॉकपिटमध्ये फुकट दिसतं. पुढे काही विमानतळांनी याच माहितीवरून छोट्या विमानांना उतरण्याची फी लावायला सुरुवात केली, तेव्हा मात्र वैमानिकांची संघटना भडकली. सुरक्षेसाठी लावलेलं यंत्र बिल फाडायला का वापरता, हा त्यांचा सवाल.

आपल्याकडे स्वतःचं विमान असलेली माणसं किती असणार! छोट्या होड्या मात्र भरपूर आहेत, आणि हाच वाद त्यांच्यावरही येऊन आदळलाय. मला तो कळला वर्सोव्यात, कॉलेजच्या मैत्रिणीच्या घरी. तिचे बाबा बोटीचे मालक आणि तांडेलही तेच. मी त्यांना काका म्हणते. डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांचे पगार हा हिशोब ते वहीत लिहितात. गेल्या हंगामात तो एक्सेलमध्ये चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गोष्ट सुरू होते २६ नोव्हेंबर २००८ ला. दहा अतिरेक्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट समुद्रात ताब्यात घेतली आणि मुंबईजवळ आल्यावर रबरी डिंगीतून कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यानंतर समुद्रातली प्रत्येक होडी संशयित झाली. बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींना ठरावीक रंग आले, आणि २० मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस हे जहाजांचं ओळखयंत्र सक्तीचं झालं. वर्सोवा-मढच्या बऱ्याचशा बोटी त्याहून लहान, म्हणून त्या सुटल्या.

मग ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते नवी योजना सुरू झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर इस्रोने बनवलेले ट्रान्सपाँडर, खर्च सुमारे ३६० कोटी. भागाकार केला तर बोटीमागे छत्तीस हजार. मच्छीमाराला ते फुकट.

काकांच्या हिशोबात मात्र त्या फुकटच्या यंत्राची एक ओळ आहे. बसवणारा माणूस ठरल्या दिवशी आलाच नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. ऐन हंगामात दोन दिवस बोट खाडीत बांधलेली. बर्फ वितळला, खलाशांचा पगार आणि जेवण चालू, म्हावरं शून्य. “लिही तिथे, सरकारी भेट,” काका म्हणाले. मी तो रकाना ‘इतर’ असा ठेवला.

गंमत अशी, की याच बोटीवर जीपीएस आहे, मासे शोधणारा फिशफाइंडर आहे, वायरलेस आहे. यातलं काहीही कोणी सक्तीने लावलेलं नाही. काकांनी स्वतःच्या पैशाने घेतलं, कारण त्यात त्यांना काहीतरी दिसतं किंवा ऐकू येतं. मच्छीमार यंत्राला घाबरतात, असं टीव्हीवर बोलणाऱ्यांनी एकदा ती केबिन बघावी. एआयएसवर त्यांचा राग होता तो वेगळा: खर्च आमचा, बघणार तुम्ही.

नव्या यंत्रात निदान दोन्हीकडून बोलता येतं. मोबाइलशी जोडून संकटाचा मेसेज पाठवता येतो, वादळाचा इशारा आपल्या भाषेत येतो. हे किती मोलाचं आहे ते २०१७ च्या ओखी वादळात दिसलं. केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी इशारा मिळण्याआधीच खोल समुद्रात गेल्या होत्या आणि त्यांना सांगायला काही साधनच नव्हतं. अनेक माणसं परत आली नाहीत. काही बोटी वाऱ्यावर ढकलल्या जात पार आपल्या देवगडला येऊन लागल्या. तेवढ्यासाठी मी काकांशी भांडते, की यंत्र चालू ठेवा.

ते ठेवतात, पण शंका जात नाही. जाळं कुठे टाकलं हे तांडेल शेजारच्या बोटीला सांगत नाही, आणि आता ते किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी पडद्यावर उमटणार. जानेवारी २०२५ पासून राज्याने बेकायदा मासेमारीवर ड्रोन सोडलेत. एलईडी दिवे लावून समुद्र खरवडणाऱ्यांना दंड व्हायलाच हवा, त्यात काकांचंही दुमत नाही. त्यांचंच म्हावरं ते पळवतात. पण दंडासाठी यंत्र लावायचं असेल तर तसं तोंडावर सांगा. वादळाचं नाव सांगून लावायचं आणि मग पावती पाठवायची, हे अमेरिकेतल्या त्या लँडिंग फीसारखं होईल.

यंत्र बसलं त्या संध्याकाळी काकींनी बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारला होता: “माझ्या फोनवर दिसेल का बोट?” त्याने फॉर्म उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, “ते मला माहीत नाही, वर विचारा.” वर म्हणजे कुठे, हे त्यालाही सांगता आलं नाही. काकी अजूनही बोट परतायच्या दिवशी पहाटेपासून फोन लावत बसतात. रेंजच्या बाहेर, रेंजच्या बाहेर, मग कधीतरी रिंग जाते.